नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. रविवारी उपासनेला निघताना मी त्याच्या खिशात दहाची नोट घालायची. दानाची पिशवी समोर आली की ती त्यानं स्वतःच्या हातानं टाकायची, ही आमच्या घरची रीत. माझ्या आईनंही लहानपणी माझ्या मुठीत असंच नाणं दिलेलं. त्या रविवारी पिशवी आली, त्यानं मूठ आत घातली, बाहेर काढली आणि माझ्याकडे न बघता समोर क्रुसाकडे बघत राहिला. दुपारी जेवायला बसला तर जीभ लालभडक. आमच्या चर्चच्या फाटकाबाहेर बर्फाचा गोळेवाला उभा असतो.

माझी नणंद त्या दिवशी जेवायला आली होती. पोळी वाढता वाढता मी म्हणाले, "चोर आहेस तू. देवाच्या घरात चोरी?" तो काही बोलला नाही. "का केलंस?" म्हणून विचारलं, तर एवढंच म्हणाला, "माहीत नाही." ते ऐकून मला आणखीच राग आला.

पुढच्या रविवारी पापांगीकाराची प्रार्थना सुरू झाली. सगळी मंडळी माना खाली घालून म्हणत होती. मीही म्हणत होते. ते शब्द मला लहानपणापासून तोंडपाठ आहेत. मध्येच डोळे किलकिले केले तर हा डोळे मिटायचं सोडून माझ्या तोंडाकडे टक लावून बघतोय. घरी येताना स्कूटरवर मागून विचारलं, "आई, तू काय केलं होतंस?"

"कधी?"

"मघाशी. माफी मागत होतीस ना देवाची. कशाची?"

मला उत्तर देता आलं नाही. "आपण सगळेच पापी आहोत बाळा," असं काहीतरी बोलले. त्यावर तो गप्प झाला. पण त्याचं समाधान झालं नव्हतं हे मला पाठीमागून कळत होतं.

आई-बाबांनो, आज तुमच्याशी बोलायचं आहे ते ह्याच गोष्टीवर. गेली कित्येक वर्षं मी शब्बाथशाळेत शिकवते. पाप, पश्चात्ताप, तारण हे शब्द आमची मुलं पाचव्या-सहाव्या वर्षीच पाठ करतात. पण घरी त्या शब्दांचं काय होतं? काही घरांत तो शब्द छडीसारखा कोपऱ्यात उभा असतो. जरा काही झालं की बाहेर निघतो: देव बघतोय, पाप लागेल, नरकात जाशील. दुसऱ्या घरांतून तो हल्ली हद्दपारच झालाय. मूल खोटं बोललं तर ते "घाबरलं होतं", मारलं तर "दमलं होतं". ह्या दुसऱ्या आई-बापांचं मन मला कळतं. त्यांनी लहानपणी छडी खाल्लेली असते, आपल्या लेकराला ती नको असं त्यांना वाटतं. तरीही मी हा शब्द सोडायला तयार नाही. कारण मुलाला आतून माहीत असतं. आपण "काही नाही रे, होतं असं" म्हणून हात झटकले, तर आत जे सलतंय ते घेऊन ते एकटंच राहतं.

संत ऑगस्टिननं 'कन्फेशन्स'मध्ये आपल्या सोळाव्या वर्षीची एक चोरी लिहिली आहे. मित्रांबरोबर रात्री शेजारच्या झाडाची नासपती तोडली. भूक नव्हती. त्याहून चांगली फळं घरी होती. चोरलेली फळं डुकरांपुढं टाकली. एवढ्याशा गोष्टीवर त्यानं पानंच्या पानं खर्च केली आहेत, आणि प्रश्न एकच: मी हे का केलं? पुढं बिशप झालेल्या, एवढ्या थोर विद्वानाला ह्याचं सरळ उत्तर मिळेना. माझ्या मुलाचं "माहीत नाही" हे मला उद्धटपणाचं वाटलं होतं. ते अगदी खरं उत्तर होतं. पापस्वभाव म्हणतात तो हाच. बाहेरून कोणी शिकवावा लागत नाही, आणि का हे सांगताही येत नाही.

पण पवित्र शास्त्र सुरू कुठून होतं ते बघा. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणूस देवाच्या प्रतिरूपात घडवला जातो, आणि सगळं फार चांगलं आहे असं देव पाहतो. पाप येतं तिसऱ्या अध्यायात. आपण मात्र लेकरांना तिसऱ्या अध्यायापासून वाचायला घेतो. "मुळातच वाईट" ही शिकवण शास्त्राची नाही. मुळात देवाचा, आणि मग बिघडलेला, हा क्रम आहे. क्रम उलटला की मुलाच्या हाती पडतं ते फक्त बिघडलेपण.

आपल्या भाषेत बाळाचं नाव ठेवतात आणि माणसाला नावंही ठेवतात. क्रियापद एकच. बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी आपण पहिलं करतो आणि नंतर घरी रोज दुसरं करत राहतो. खोटारडा. आळशी. चोर. तू असाच आहेस, बापावर गेलाय. मुलानं एक गोष्ट केली, आपण तिचं त्याला नाव देऊन टाकलं. पाप ही केलेली गोष्ट असते, तिची कबुली देता येते, ती सोडता येते. पण नावाची कबुली कशी द्यायची? ते सोडून जायचं कुठं?

माझे आजोबा शेवगावकडचे. त्यांच्या काळी गावात आमच्या माणसांना पूर्ण नावानं कोणी हाक मारत नसे. सखारामचा सख्या, गणपतचा गणप्या. केस पिकले तरी पाटलाचं शेंबडं पोर अरे-तुरे करायचं. आजोबांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पाळकसाहेबांनी नोंदवहीत त्यांचं नाव पूर्ण लिहिलं, मग मान वर करून त्याच नावापुढं 'राव' लावून हाक मारली. आजोबा ऐंशीच्या पुढं जगले, आणि ही गोष्ट सांगताना दर वेळी त्या हाकेपाशी येऊन थांबायचे. पण तेच आजोबा हेही सांगायचे की आपण दारू प्यायचो, बायकोला मारायचो, आणि ते पाप होतं. परिस्थितीवर ढकलायचे नाहीत. मला वाटतं, नाव सरळ झाल्यावरच त्यांना ते बोलता आलं. ज्याला जन्मभर सगळ्यांनी खालीच बसवलं, त्याला "मी पापी आहे" म्हणायला लावणं म्हणजे आणखी एक धोंडा. आधी कुणीतरी त्याला उभं करावं लागतं.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत हे मला फार जवळून दिसतं. आमच्या शब्बाथशाळेची सहल केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये जाते, म्हणून त्यांच्याविषयी मुलांना नेहमी सांगावं लागतं. १८८७ साली अमेरिकेत छापलेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात त्या काळच्या उच्चवर्णीय घरांतल्या विधवांची हकीगत आहे. नवरा गेला तो हिच्याच गतजन्मीच्या पापामुळं, असं कोवळ्या पोरीला ऐकवलं जाई. तिनं काहीही केलेलं नसे. पाप हा शब्द तिच्या कपाळी दुसऱ्यांनी लिहिलेला. रमाबाई स्वतः १८८२ मध्ये विधवा झाल्या. दुसरीकडे कलकत्त्यातल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं होतं. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी आपल्या लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तरी त्यांनी पुढं आपल्या साक्षीत मोकळेपणानं लिहिलं आहे की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्याला आणखी आठ वर्षं लागली. तोवर विधवांसाठी त्यांचं शारदा सदन निघालं होतं, देशोदेशी नाव झालं होतं. एवढ्या कर्तबगार बाईला आपण पापी आहोत आणि तारण कमवायचं नसतं, ते दान म्हणून घ्यायचं असतं, हे उमगलं आणि त्यातून तिला शांती मिळाली.

मी ह्यावर पुष्कळ विचार केला आहे. ज्या शब्दानं विधवांना चिरडलं, त्याच शब्दातून ह्यांना मोकळीक कशी मिळाली? शब्द तोच, पण बोलणारं तोंड बदललं. पहिल्यांदा लोकांनी बोट दाखवून म्हटलं. दुसऱ्यांदा त्यांनी स्वतः म्हटलं, आणि ज्याच्यापाशी म्हटलं त्यानं आधीच आपलं मानलं होतं. १९०५ साली मुक्तीमध्ये संजीवन झालं, तेव्हा तिथल्या मुली रडत रडत आपापली पापं मोठ्यानं कबूल करू लागल्या. त्यांत बालविधवा होत्या, दुष्काळातून आणलेल्या पोरी होत्या. न केलेल्या पापाचा शिक्का घेऊन आलेल्या ह्या मुली केलेल्या गोष्टी आपणहून सांगत होत्या. तिथं कोणी त्यांना बाहेर काढणार नव्हतं.

लूकच्या पंधराव्या अध्यायातला धाकटा मुलगा आठवा. डुकरांमध्ये बसून तो घरी जाऊन काय बोलायचं ते घोकतो. तीन गोष्टी असतात त्यात: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला मजुरांतला एक म्हणून ठेवा. बाप त्याला लांबूनच बघतो, धावत येतो, गळ्यात पडतो. मुलगा घोकलेलं म्हणायला लागतो. पहिलं वाक्य होतं, दुसरं होतं. तिसरं त्याच्या तोंडून निघतच नाही. त्याआधीच बाप चाकरांना सांगतो, अंगरखा आणा, अंगठी आणा. शब्बाथशाळेत हा उतारा वाचताना मी मुलांना विचारते, कुठलं वाक्य राहून गेलं ते शोधा. दर वर्षी कुणीतरी शोधतंच. पापाची कबुली बापानं पूर्ण ऐकून घेतली. मध्ये तोडलं ते, मुलगा स्वतःला नवं नाव लावून घेत होता तिथं.

आणि ह्या मुलाला घरी परतावंसं वाटलं, ह्याचं श्रेय मी त्या बापाला देते. त्या घरात काय बोललं जात असेल, की इतकं करूनही तिकडंच पाय वळले? आपल्या पोरांचं काय होईल? दहावी-बारावीचा निकाल लागतो, कुणाच्या फोनमध्ये नको ते सापडतं, कुणी पैसे हरवून बसतं, आणि "घरी कुठल्या तोंडानं जाऊ" ह्या विचारानं लेकरं भलत्याच वाटेला लागतात. पेत्रानं तीनदा प्रभूला नाकारलं आणि रडला. यहूदालाही पस्तावा झाला होता, चांदीची नाणी त्यानं मंदिरात फेकून दिली. पण तो एकटाच निघून गेला. पेत्र बाकीच्यांत परतला. हा फरक मी आई म्हणून वाचते, आणि मला झोप लागत नाही.

तर स्कूटरवरच्या प्रश्नाकडे येते. "आई, तू काय केलं होतंस?" चार दिवस ते डोक्यातून जाईना. मग लक्षात आलं की उत्तर त्याच्याच समोर घडलं होतं. मी त्याला चोर म्हणाले ते देवाच्या दहा रुपयांसाठी नव्हे. नणंद बघत होती म्हणून. शब्बाथशाळेच्या बाईंचा मुलगा दानाचे पैसे खातो, हे तिच्या नजरेत दिसेल म्हणून. मी माझं नाव वाचवत होते, त्याचं टाकून.

गुरुवारी रात्री तो दप्तर भरत बसला होता. मी शेजारी खाली बसले. म्हणाले, "मी तुला चोर म्हणाले ते माझं पाप होतं. तू पैसे घेतलेस ते चुकलंच, त्याची तुला देवाकडे क्षमा मागायला हवी. पण चोर हे तुझं नाव नाही. मला माफ कर." तो बराच वेळ पट्टी कंपासात बसवत राहिला, ती बसत नव्हती. मग म्हणाला, "मी विचारूनच मागणार होतो. पण तू नाही म्हणाली असतीस." आणि रडायला लागला. आम्ही दोघांनी तिथंच फरशीवर प्रार्थना केली, त्यानं त्याच्या शब्दांत, मी माझ्या.

दिवा मालवायला उठले तर पांघरुणातून म्हणाला, "पण आत्यासमोर म्हणाली होतीस."

साडेनऊ झाले होते. नणंद लवकर झोपते. तरी मी फोन लावला, आणि तो अंथरुणात उठून बसून, मी बोलेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिला.