विमा शोरूममधूनच घ्यावा लागतो का?

प्रश्न : नवी कार बुक केली आहे. विमा आमच्याकडूनच घ्या, नाहीतर कॅशलेस मिळणार नाही, असे शोरूमवाले सांगतात. कोटेशनमध्ये ‘हॅण्डलिंग चार्जेस’ही आहेत. हे द्यावेच लागतात का?

उत्तर : नाही. ‘ऑन-रोड’ किमतीत बंधनकारक आणि ऐच्छिक रकमा एकत्र दिसतात, गोंधळ तिथेच होतो. रोड टॅक्स आणि नोंदणी शुल्क सरकारजमा होते व त्याची पावती मिळते. विमाही कायद्याने हवाच; १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. पण तो कोणाकडून घ्यायचा, हे तुम्ही ठरवायचे. कॅशलेस सुविधा विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातील करारावर अवलंबून असते, पॉलिसी कोणी विकली यावर नाही. म्हणून दोन कोटेशन घ्या. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि अ‍ॅड-ऑन (जादा संरक्षणे) सारखे ठेवूनच प्रीमियमची तुलना करा. हॅण्डलिंगच्या नावाखालील रकमेला मात्र कायद्याचा आधार नाही. ती कमी करायला लेखी सांगा.

वाद घातला तर पुढे सर्व्हिसिंगला त्रास होईल, ही भीती स्वाभाविक आहे. परंतु वॉरंटी उत्पादक कंपनीची असते आणि कंपनीच्या कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ती चालते. शोरूमचा विमा स्वस्त पडला तर जरूर घ्या. आक्षेप सक्तीला आहे. तरीही अडवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मात्र तपशीलवार कोटेशन हाती आल्याशिवाय उरलेली रक्कम भरू नका.