चेसिस नंबर आधी, बाकीचे पैसे नंतर

नवीन गाडीचे सगळे पैसे ताबा मिळण्याआधी भरायचे, ही पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की त्यात कुणाला वावगं वाटत नाही. तोळाभर सोनं घेताना सराफाच्या काट्यावरचा आकडा आपण वाकून बघतो आणि मगच पाकिटाला हात घालतो. गाडीच्या बाबतीत मात्र आठ-दहा लाख रुपये भरून मोकळे होतो, आणि ती गाडी आपण पाहिलेलीही नसते. शोरूममध्ये उभी असते ती दाखवायची. आपली कुठली, हे विचारायचं राहून जातं. आमच्या घराला याची चांगलीच झळ बसली, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही तासगावला राहतो. सासूबाईंना उपचारांसाठी सारखं मिरजेला न्यावं लागतं आणि एसटीची चढउतार त्यांच्या गुडघ्यांना झेपेनाशी झाली होती. श्रावणात गाडी बुक केली, दसऱ्याला दारात येईल असं ठरलं. पितृपक्षाच्या तोंडावर सेल्समनचा फोन आला, "मॅडम, दसऱ्याच्या डिलिव्हरीची यादी आज फायनल होतेय. ज्यांचं फुल पेमेंट आलंय त्यांचीच नावं जाणार." ह्यांनी मुदतठेव मोडली, उरलेली रक्कम बँकेच्या कर्जातून थेट डीलरच्या खात्यात गेली. पावती मिळाली. तिच्यावर नाव होतं, रक्कम होती, मॉडेल होतं, रंगसुद्धा होता. 'चेसिस नंबर' असं छापलेल्या रकान्यात मात्र नुसती आडवी रेघ होती. म्हणजे आमच्या पैशांना अजून गाडीच जोडलेली नव्हती.

दसरा गेला. ट्रेलर वाटेत आहे, मग कंपनीकडून बिल पडलं नाही, मग आरटीओचा सर्व्हर बंद आहे, अशी दर खेपेला नवी सबब. दिवाळीच्या आधी कर्जाचा पहिला हप्ता खात्यातून वळता झाला. गाडीचा पत्ता नाही आणि हप्ता सुरू. यात बँकेला बोल लावता येत नाही. पैसे सुटले त्या दिवसापासून व्याज लागतं, गाडी आली की नाही हे तिच्या हिशेबात येत नाही.

शोरूमच्या सोफ्यावर आमच्यासारखेच ताटकळणारे एक निवृत्त गुरुजी भेटले. त्यांनी आमच्याही आधी पैसे भरले होते. ते स्वतः बसनं डीलरच्या स्टॉकयार्डात जाऊन आले होते आणि तिथल्या वॉचमननं त्यांना सरळ सांगितलं होतं, "गुरुजी, दसऱ्यापासून इथं ट्रेलर लागलेलाच नाही." शोरूममध्ये गोड बोलून मिळणाऱ्या सगळ्या उत्तरांपेक्षा हे एक वाक्य खरं होतं. पुढे हिशेब विभागातल्या एकानं हळूच कानावर घातलं की बँकेनं मालकाची मर्यादा थांबवली आहे.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळं दुखणं तिथंच आहे. बहुतेक डीलर गाड्या स्वतःच्या रोख पैशांतून आणत नाहीत. बँक त्यांना मालासाठी कर्जाची मर्यादा देते, त्यातून कंपनीचे पैसे चुकते होतात, गाडी यार्डात येते आणि ग्राहकाचे पैसे आले की डीलर बँकेचं कर्ज फेडतो. हे चक्र फिरत असतं तोवर कुणाला काही जाणवत नाही. पण मालकानं ग्राहकांचे पैसे दुसऱ्या धंद्यात, जागेत किंवा जुनी देणी भागवण्यात घातले की बँक हात आखडता घेते, कंपनी माल पाठवत नाही, आणि मग आज भरणाऱ्याच्या पैशातून दोन महिन्यांपूर्वी भरणाऱ्याची गाडी येऊ लागते. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. शेवटच्या माणसासाठी टोपी उरत नाही. अशा वेळी 'फुल पेमेंट करा, नाहीतर नंबर जाईल' ही घाई वाढत जाते. म्हणून मला वाटतं, घाई जितकी जास्त तितकं गिऱ्हाइकानं सावध व्हावं.

दुसरा भ्रम कंपनीच्या नावाचा. एवढी मोठी कंपनी, पैसे कुठे जातात, असं आपण म्हणतो. पण शोरूमवर पाटी कंपनीची असली तरी पैसे डीलरच्या खात्यात जातात आणि करारही डीलरशीच होतो. गोव्यातल्या एका ग्राहकाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. त्यानं २०११ मध्ये नवीन गाडीचे पैसे भरले आणि डीलरनं पुढे केली ती २००९ ची, सहाशेहून अधिक किलोमीटर चाललेली गाडी. खालच्या ग्राहक न्यायालयांनी डीलरबरोबर टाटा मोटर्सलाही जबाबदार धरलं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीला त्यातून मोकळं केलं. कंपनी आणि डीलर यांचा व्यवहार मालक आणि नोकर असा नसून दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला आहे, आणि डीलरनं जे केलं ते कंपनीला ठाऊक होतं असं सिद्ध झाल्याशिवाय तिच्यावर बोट ठेवता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. डीलरची जबाबदारी कायम राहिली. डीलरच बुडाला तर त्याच्या मालावर आधी बँकेचा बोजा असतो, आणि आपण रांगेत बरेच मागे.

आम्ही मुदत घालून लेखी पत्र दिलं. त्याची एक प्रत कंपनीच्या विभागीय कार्यालयाला आणि एक आपल्या बँकेच्या शाखेला. लगेच फोन आला की गाडी आली आहे, उद्या पासिंग करून टाकू. ह्यांनी पासिंगच्या आधी गाडी बघायचा आग्रह धरला. यार्डाच्या मागच्या बाजूला, भिंतीलगत, धुळीनं माखलेली ती गाडी उभी होती. वायपरचं रबर कडक होऊन वळलं होतं, सेल मारला तर बॅटरी उठेना. टायरच्या कडेला एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. ०८२४ म्हणजे २०२४ चा आठवा आठवडा. ह्यांनी खाली बसून मोबाइलच्या उजेडात चारही टायर वाचले. गाडी मागच्या वर्षीची निघाली, आणि किंमत चालू वर्षाची लावलेली. आरसी बुकात उत्पादनाचा महिना आणि वर्ष नोंदलेलं असतं, त्यामुळे पुढे विकताना त्याचा फटका बसलाच असता. आम्ही नकार दिला आणि वकिलामार्फत नोटीस धाडली. मूळ रक्कम टप्प्याटप्प्यानं परत आली, कर्ज बंद केलं. मधल्या काळातलं व्याज मात्र आमच्याच खिशातून गेलं आणि मुदतठेव मोडल्याचं नुकसान वेगळं.

नंतर दुसऱ्या डीलरकडून घेतलेली गाडी आज दारात आहे, आणि तिच्यापायी एकही दिवस जीव टांगणीला लागला नाही. तिथे जे केलं तेच इतरांनी करावं असं मनापासून वाटतं.

आधी डीलरची बाजू सांगते, कारण ती खोटी नाही. मोटार वाहन नियमांप्रमाणे नोंदणी झाल्याशिवाय, निदान तात्पुरती तरी, डीलरला गाडी ताब्यात देता येत नाही. नोंदणीसाठी विमा आणि रोड टॅक्स भरावा लागतो. आपल्या राज्यात पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के टॅक्स, म्हणजे रक्कम लहान नाही. आणि एकदा का तुमच्या नावावर पासिंग झालं की ती गाडी दुसऱ्याला नवीन म्हणून विकता येत नाही. त्यामुळे पासिंगच्या आधी पूर्ण पैसे मागणं रास्त आहे. रास्त नाही ते गाडी यार्डात नसताना मागणं. या दोन्हींत जे अंतर आहे तेवढंच आपल्याला धरून ठेवायचं असतं.

म्हणून बुकिंगला थोडीच रक्कम द्यावी, आणि ती रद्द केल्यास किती परत मिळेल हे फॉर्मवरच लिहून घ्यावं. बाकीचे पैसे मागितले की एकच विचारावं: चेसिस नंबर काय? हा सतरा अक्षरं-आकड्यांचा क्रमांक प्रत्येक गाडीचा वेगळा असतो. तो प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर लिहून घ्यावा, मग यार्डात जाऊन गाडीवरच्या क्रमांकाशी एकेक अक्षर ताडून बघावं. तिथेच टायर, काचा, रंग, किलोमीटरचा आकडा बघून घ्यावा. पासिंगनंतर सापडलेला ओरखडा 'पॉलिश करून देतो' यावर भागवला जातो. आधी सापडला तर गाडी बदलून मागता येते. गाडी दाखवायला टाळाटाळ झाली तर पैसे थांबवावेत, मग मुहूर्त गेला तरी चालेल.

कर्ज असेल तर बँकेला लेखी कळवावं की चेसिस नंबर असलेला प्रोफॉर्मा दिल्यावरच पैसे सोडा. काही बँका आणि वित्तसंस्था डीलरला आधी डीओ, म्हणजे डिलिव्हरी ऑर्डर, देतात आणि रक्कम मागाहून सोडतात. तशी सोय असेल तर ती घ्यावी. आपल्या वाट्याचे पैसे डीलरशिपच्या नावाच्या खात्यातच भरावेत. सेल्समनच्या यूपीआयवर 'तात्पुरते' टाकलेले पैसे डीलरच्या पुस्तकात कधीच येत नाहीत, असे प्रकार वारंवार घडतात. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला तर कायद्यानंच मनाई आहे, तेव्हा कुणी मोठी रोख मागत असेल तर तिथूनच उठावं.

पैसे भरल्यावर 'काम चालू आहे' असं ऐकून थांबू नये. विम्याची पॉलिसी मागावी. नवीन गाडीच्या पॉलिसीवर इंजिन आणि चेसिस नंबर असतो, त्यामुळे पॉलिसी निघाली म्हणजे आपल्या नावाशी खरी गाडी जोडली गेली. विमा डीलरकडूनच घ्यावा अशी सक्ती नाही, बाहेरून घेतलेला चालतो. कोटेशनमध्ये 'हँडलिंग' नावाची ओळ असेल तर ती काढायला सांगावी, ते सरकारी शुल्क नव्हे. गाडी दहा लाखांच्या वर असेल तर एक टक्का टीसीएस घेतात. तो आयकरात वळता होतो, त्याचं प्रमाणपत्र सोडू नये.

आता मुहूर्ताविषयी. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा यांना गाडी घरी आणण्यातला आनंद मला पूर्ण कळतो, आणि तो सोडा असं मी कुणालाच सांगणार नाही. पण मुहूर्त ताब्याचा असतो, पैसे भरण्याचा नसतो. गाडी आठवडाभर आधी यार्डात लागली असेल तर पासिंग करून नंबरप्लेट बसवून दसऱ्याला हार घालता येतो. आठवडाभर आधीही चेसिस नंबर सांगता येत नसेल, तर पूर्ण पैसे भरून ती गाडी दसऱ्याला येईल ही आशा कशाच्या जोरावर धरायची?

आणि ज्यांचे पैसे अडकलेच आहेत त्यांनी तोंडी बोलणी आजच बंद करावीत. प्रत्येक आश्वासन ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून मागावं, पावत्या आणि बँकेचा उतारा एकत्र ठेवावा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तेवढ्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. शोरूम दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, ऑनलाइनही करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये आणि दहा ते वीस लाखांना ४००. मुदत दोन वर्षांची असते, आणि 'पुढच्या महिन्यात नक्की' ऐकत बसलं तर ती सरून जाते. तक्रारीत फक्त गाडीची किंमत मागू नये. कर्जावरचं व्याज, मोडलेल्या ठेवीचं नुकसान, मधल्या काळात भाड्याच्या गाडीला दिलेले पैसे, हे सगळं आकड्यांसह मांडावं आणि त्याच्या पावत्या जोडाव्यात.