दूरस्थ कणांचे नाते आणि विज्ञानाची मर्यादा

पदार्थविज्ञानातील एका शोधाचा उल्लेख अलीकडे प्रवचनांतून आणि घरगुती चर्चांतूनही ऐकू येतो. परस्परांपासून फार दूर नेलेल्या दोन सूक्ष्म कणांमध्ये एक विलक्षण नाते टिकून राहते, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. त्यावरून कोणी म्हणतो, ‘पाहा, सर्वांभूती एकच आत्मतत्त्व आहे हे आता प्रयोगशाळेतही सिद्ध झाले.’ त्याच घरातील विज्ञानशाखेचा विद्यार्थी हे ऐकून हसतो आणि बोलणे तेथेच खुंटते. वडिलांना वाटते, मुलगा श्रद्धाहीन झाला. मुलाला वाटते, वडिलांना विज्ञान ठाऊक नाही. वस्तुतः त्या शोधात नेमके काय सिद्ध झाले, हे दोघांनीही शांतपणे पाहिलेले नसते. ते पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. गणिताची भीती बाळगण्याचे कारण नाही. दोन अपूर्णांकांत मोठा कोणता हे ओळखता येणे, एवढी तयारी पुरेशी आहे.

संभाव्यता दोन प्रकारची

आयुर्विमा उतरविणाऱ्या संस्थेला आपल्या लक्षावधी विमेदारांपैकी वर्षभरात साधारण किती मृत्यू पावतील याचा अंदाज पुष्कळच अचूक बांधता येतो. मात्र त्यांत कोण असेल हे तिला सांगता येत नाही. तरीही प्रत्येक मृत्यूला काही ना काही कारण असतेच, असे आपण मानतो. कोणाला रोग होता, कोणाला अपघात झाला. ती सर्व कारणे आधी कळली असती तर नावेही सांगता आली असती. येथे संभाव्यता ही आपल्या अज्ञानाची मोजणी आहे.

आता रेडियम या धातूकडे पाहावे. त्याच्या अणूंपैकी निम्मे अणू सुमारे १,६०० वर्षांत विघटन पावतात. हा नियम अतिशय काटेकोर आहे. पण एखादा विशिष्ट अणू केव्हा फुटेल हे कोणालाही सांगता येत नाही. दोन अणू सर्व बाबतींत अगदी एकसारखे असतात. त्यांतला एक या क्षणी फुटतो, दुसरा सहस्रावधी वर्षे तसाच राहतो. अणूला वार्धक्यही नसते. काल निर्माण झालेला अणू आणि हजार वर्षांपूर्वीचा अणू, दोघांचीही पुढील वर्षी फुटण्याची शक्यता सारखीच असते. मग हा अणू आज का फुटला? क्वांटम सिद्धांतात या प्रश्नाला उत्तर नाही. १९२६ मध्ये माक्स बॉर्न यांनी असे प्रतिपादन केले की, हा सिद्धांत एकेका घटनेची निश्चिती देत नाही, केवळ तिची संभाव्यता देतो. या कार्यासाठी त्यांना १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मूळ वाद येथेच उत्पन्न झाला. रेडियमच्या अणूची संभाव्यता विमेदारांसारखीच आहे काय? म्हणजे कारण आत कोठेतरी दडलेले असून केवळ आपल्याला ते दिसत नाही, असे आहे काय? की तेथे दडलेले असे काही नाहीच?

आइन्स्टाइन यांची शंका

अल्बर्ट आइन्स्टाइन यांचा कल पहिल्या पक्षाकडे होता. क्वांटम सिद्धांत उपयुक्त आहे, परंतु अपूर्ण आहे, असे त्यांचे मत होते. १९३५ मध्ये पोडोल्स्की आणि रोझेन या दोन सहकाऱ्यांसह त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. दोन कण एकदा परस्परांच्या सान्निध्यात येऊन मग दूर गेले, तर एकाची तपासणी करताच दुसऱ्याविषयी निश्चित भाकीत करता येते, असे हा सिद्धांतच सांगतो. त्याच वर्षी एर्विन श्रॉडिंगर यांनी या अवस्थेला जर्मन भाषेत जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘गुंतणूक’ असा होतो.

आइन्स्टाइन यांचा आशय घरगुती दृष्टांताने सांगता येईल. देवळाच्या पायरीवरून घाईने निघताना एखाद्याने पिशवीत आपली एकच चप्पल टाकली. घरी येऊन पाहतो तो ती डाव्या पायाची. त्याच क्षणी त्याला कळते की, देवळापाशी राहिली ती उजव्या पायाची. यात चमत्कार कसला? घरातून देवळाकडे कोणतीही शक्ती धावली नाही. पिशवीतली चप्पल आरंभापासूनच डाव्या पायाची होती. कणांचेही असेच असावे. त्यांचे गुण आधीच ठरलेले असावेत आणि सिद्धांताला ते दिसत नसावेत. हा विचार इतका सरळ आहे की, कोणाही समंजस मनुष्याला तो पटावा. नील्स बोर यांनी त्याच वर्षी त्याला उत्तर दिले. परंतु वादाचा निर्णय प्रयोगाने कसा लावावा, हे कोणालाच सुचले नाही. १९५५ मध्ये आइन्स्टाइन निवर्तले.

बेल यांची कसोटी

१९६४ मध्ये जॉन बेल यांनी ती कसोटी शोधून काढली. हे उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे जन्मलेले आणि जिनीव्हाच्या सर्न या संशोधन केंद्रात काम करणारे शास्त्रज्ञ. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा एका परीक्षेच्या रूपाने समजून घेऊ.

दोन बंधूंना दूरदूरच्या दोन खोल्यांत बसविले आहे. प्रत्येक खोलीतील परीक्षक चिठ्ठी काढून तीन ठराविक प्रश्नांपैकी एक विचारतो. उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच द्यावयाचे. दुसऱ्या खोलीत कोणता प्रश्न आला हे कोणालाही ठाऊक नाही. अशा सहस्रावधी फेऱ्या होतात आणि असे आढळते की, दोघांना एकच प्रश्न आला तेव्हा दोघांची उत्तरे प्रत्येक वेळी सारखीच आली.

याचे सरळ कारण आपण काय सांगू? खोलीत जाण्यापूर्वी दोघांनी प्रत्येक फेरीसाठी तिन्ही उत्तरे संगनमताने ठरविली होती, असेच ना? चपलेचा दृष्टांत तो हाच. आता बेल यांचा पुढचा प्रश्न पाहावा: दोघांना निरनिराळे प्रश्न आले तेव्हा उत्तरे किती वेळा जुळावीत?

उत्तरे तीन आणि त्यांचे प्रकार मात्र दोनच. म्हणून त्यांतली किमान दोन सारखी असलीच पाहिजेत. समजा त्यांनी ‘होय, होय, नाही’ असे ठरविले. निरनिराळ्या प्रश्नांच्या जोड्या तीन होतात: पहिला व दुसरा, दुसरा व तिसरा, पहिला व तिसरा. यांपैकी पहिल्या जोडीत उत्तरे जुळतात, उरलेल्या दोहोंत जुळत नाहीत. म्हणजे तिनांत एकदा. तिन्ही उत्तरे सारखीच ठरविली असतील तर ती नेहमीच जुळतील. तात्पर्य, बंधूंनी कितीही चातुर्य केले तरी उत्तरे जुळण्याचे प्रमाण एकतृतीयांशाहून कमी होऊ शकत नाही. शंभर फेऱ्यांत सरासरी तेहेतीस तरी जुळल्याच पाहिजेत.

या बंधूंच्या जागी प्रकाशाच्या गुंतलेल्या कणांची जोडी कल्पावी. प्रश्न म्हणजे त्यांच्या वाटेत ठेवलेली एक विशिष्ट काच. ती शून्य, साठ किंवा एकशेवीस अंशांवर फिरविलेली असते. कण तिच्यातून पार जातो किंवा अडतो. हेच त्याचे ‘होय’ किंवा ‘नाही’. दोन्हीकडच्या काचा एकाच कोनात असतील तर उत्तरे नेहमी जुळतात. कोन निराळे असतील तर ती जुळण्याचे प्रमाण क्वांटम सिद्धांताप्रमाणे एकचतुर्थांश येते, म्हणजे शंभरांत पंचवीस. आधी ठरविलेल्या उत्तरांनी तेहेतिसाच्या खाली उतरता येत नाही आणि सिद्धांत तर पंचवीस सांगतो. दोहोंपैकी एकच खरे असणार. अशा रीतीने जो केवळ मतभेद वाटत होता, तो मोजून पाहण्याचा प्रश्न झाला.

प्रयोगांचा निर्णय

प्रत्यक्ष प्रयोगांत कोन व आकडेमोड थोडी निराळी असते, पण गाभा हाच. १९७२ मध्ये अमेरिकेत बर्कली येथे फ्रीडमन आणि क्लाऊझर यांनी असा पहिला प्रयोग केला. १९८२ मध्ये पॅरिसजवळ ओर्से येथे आलँ आस्पे व त्यांच्या सहकाऱ्यांनी कण वाटेत असतानाच प्रश्न बदलण्याची योजना केली. तरीही आक्षेप उरले होते. दोन्हीकडे गुप्तपणे काही संकेत गेला असेल. किंवा जे कण नोंदले गेले नाहीत त्यांच्यामुळे हिशेब फसला असेल. २०१५ मध्ये हॉलंडमधील डेल्फ्ट येथे १.३ किलोमीटर अंतरावरील दोन हिऱ्यांतील इलेक्ट्रॉनांवर जो प्रयोग झाला, त्यात या दोन्ही आक्षेपांना एकाच वेळी उत्तर मिळाले. २०१७ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी उपग्रहावरून पाठविलेल्या कणांची जोडी १,२०० किलोमीटरांहून अधिक अंतरावरील दोन केंद्रांत तपासली. प्रत्येक वेळी क्वांटम सिद्धांताचे भाकीत खरे ठरले. क्लाऊझर, आस्पे आणि अँटन झाइलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. बेल १९९० मध्येच दिवंगत झाले होते.

काय सिद्ध झाले आणि काय नाही

सिद्ध झाले ते एवढे: प्रत्येक उत्तर मोजणीपूर्वीच ठरलेले असते, आणि दूरच्या ठिकाणचा परिणाम प्रकाशाहून अधिक वेगाने होत नाही, या दोन समजुती एकत्र धरून या प्रयोगांचा उलगडा होत नाही. डाव्या-उजव्या चपलेचा दृष्टांत येथे अपुरा पडतो.

परंतु या नात्याने संदेश मात्र धाडता येत नाही. एका खोलीतील परीक्षकापुढे ‘होय’ आणि ‘नाही’ यांची केवळ अनियमित माळ असते. दुसरीकडे कोणता प्रश्न विचारला, किंवा विचारला की नाही, याचा लेशमात्र सुगावा तिच्यावरून लागत नाही. दोन्ही नोंदवह्या नेहमीच्या मार्गाने एकत्र आणून ताडून पाहिल्यावरच ते नाते दृष्टीस पडते. म्हणून दूरस्थ आप्ताच्या मनातील विचार कळणे किंवा दृष्ट लागणे यांना या शोधाचा आधार देणे योग्य नव्हे. तसेच ही गुंतणूक अतिशय नाजूक असते. आसपासच्या पदार्थांशी थोडा संपर्क येताच ती पाहता येण्याजोगी उरत नाही. प्रयोगशाळेत ती टिकविण्यासाठी केवढे परिश्रम घ्यावे लागतात! सर्व जग परस्परांशी जोडलेले आहे, हा निष्कर्ष यातून निघत नाही.

श्रॉडिंगर यांना वेदान्ताविषयी मनापासून आस्था होती आणि त्यांनी त्यावर लिहिलेही आहे. परंतु १९३५ च्या त्यांच्या निबंधांत गुंतणुकीचे प्रतिपादन गणिताच्या आधारेच केलेले आहे. ज्या शास्त्राचे प्रमेय, त्याच शास्त्राचे प्रमाण, हा दंडक त्यांनी पाळला.

मर्यादा कशास म्हणावे

विज्ञानाच्या मर्यादा सर्व एकाच जातीच्या नसतात. एक मर्यादा माहितीच्या अभावाची. ती काळाने मागे हटते. दुसरी मर्यादा विज्ञानाने स्वतःच तर्काने व मोजणीने निश्चित केलेली. बेल यांनी दाखविली ती या जातीची. तिला अज्ञान म्हणणे चूक होय. ‘अमुक प्रकारचे स्पष्टीकरण येथे लागू पडणार नाही,’ हे ठामपणे सांगता येणे हेही ज्ञानच आहे. तिसरी मर्यादा अर्थाची. आकडे काय येतील याविषयी सर्व शास्त्रज्ञांचे एकमत आहे, पण त्यांचा अर्थ काय याविषयी नाही. डेव्हिड बोम यांनी १९५२ मध्ये असे मांडले की, कणाचा मार्ग निश्चित असतो, मात्र दूरचा परिणाम तत्काळ होतो. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये म्हटले की, सर्वच शक्यता निरनिराळ्या शाखांत घडतात. आजवरच्या प्रयोगांनी यांत निवड केलेली नाही. तरीही काम थांबलेले नाही. याच गुंतणुकीच्या आधारे गुप्त संदेशवहनाच्या नव्या पद्धती विकसित होत आहेत आणि भारत सरकारनेही २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मान्यता दिली आहे.

यावरून वडीलधाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, विज्ञान जेथे थांबते ती जागा आपल्या मतासाठी राखून ठेवलेली नसते. आत्म्याच्या एकत्वाचा विचार आपल्या परंपरेत चिंतनाने आणि अनुभवाने शोधिला गेला. त्याला प्रकाशकणांची साक्ष लागत नाही. उद्या त्या कणांचा निराळा अर्थ लागला तर ती श्रद्धा ढळावी काय? आणि विद्यार्थ्यांनी हे स्मरावे की, आइन्स्टाइन यांच्यासारख्या पुरुषाला जे उघड सत्य वाटत होते, ते मोजून पाहता टिकले नाही. तरी त्यांची शंका व्यर्थ गेली नाही. तिच्यापासूनच हा सारा शोध निघाला. म्हणून शंकेला हसणे हे विज्ञानाला धरून नाही.

पुढच्या वेळी घरात हा विषय निघाला, तर वडिलांनी व मुलाने कागद घेऊन त्या तीन प्रश्नांच्या सर्व उत्तरपत्रिका मांडून पाहाव्यात. त्या आठच होतात. एकतृतीयांशाहून कमी जुळणारी एक तरी त्यांत सापडते काय, हे दोघांनी मिळून शोधावे. ती सापडणार नाही. परंतु खुंटलेले बोलणे मात्र पुन्हा सुरू होईल.