मारेकरी शेजारी राहायला आला तर?

प्रश्न : ‘आवारा पागल दीवाना’ आमच्या घरी सगळ्यांचा आवडता. तो ‘द होल नाइन यार्ड्स’ या इंग्रजी चित्रपटावर बेतलेला आहे असे कळले, तेव्हा मुलाने तोही दाखवला. त्यात पैसे घेऊन खून करणारा माणूस उपनगरातल्या साध्या घरात राहायला येतो आणि शेजारी निघतो दातांचा डॉक्टर. आमच्याकडे कोणी नवा माणूस कामशेतला लोकलमधून उतरला, तरी तो कोणाकडे आला हे संध्याकाळपर्यंत गावभर होते. मग असा माणूस वस्तीत लपेलच कसा? आणि प्रेताचे दात बदलून पोलिसांना फसवता येते का?
— एक वाचक, वडिवळे (ता. मावळ)

उत्तर : तुमच्या पहिल्या शंकेत अर्धे उत्तर तुम्हीच देऊन ठेवले आहे. फरार माणूस निर्जन जागी लपतो, अशी आपली समजूत असते. पण निर्जन जागी एकटा माणूस लगेच नजरेत भरतो. त्याला दूध लागते, किराणा लागतो, औषध लागते आणि त्यासाठी जवळच्या गावात यावेच लागते. तुमच्या नाणे मावळातल्या कुठल्याही गावात ‘कोणाकडचे पाहुणे?’ हा प्रश्न पाराजवळच विचारला जातो आणि त्याचे खरे उत्तर द्यावे लागते. उपनगरात तोच प्रश्न आगाऊपणाचा ठरतो. तिथे आलेला प्रत्येक जण कधी ना कधी नवा असतो. घरभाडे वेळेवर दिले आणि गाडी दुसऱ्याच्या जागेवर लावली नाही, की त्याच्याबद्दल कोणाला आणखी काही जाणून घ्यायचे नसते. मारेकऱ्याला हवी असते ती हीच मोकळीक.

इंग्रजी चित्रपटातला जिमी ट्यूडेस्की (ब्रूस विलिस) शिकागोच्या टोळीविरुद्ध साक्ष देऊन माँट्रियलच्या उपनगरात येतो. ही कल्पना हवेतली वाटते, पण अमेरिकेत साक्षीदारांना नवे नाव आणि नवे गाव देणारी सरकारी योजना १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. न्यूयॉर्कच्या गॅम्बिनो टोळीचा सॅमी ग्रॅव्हानो हा तिचा एक गाजलेला लाभार्थी. १९ खुनांत सहभाग असल्याची कबुली त्याने दिली होती. त्याच्या साक्षीमुळे टोळीप्रमुख जॉन गॉटीला १९९२ मध्ये जन्मठेप झाली आणि त्याची स्वतःची सुटका अवघ्या पाच वर्षांच्या शिक्षेवर झाली. पुढे तो ॲरिझोनात फीनिक्स शहराच्या परिसरात दुसऱ्या नावाने राहिला आणि घरोघरी पोहण्याचे तलाव बसवून देण्याचा धंदा करू लागला. काही काळाने संरक्षण सोडून तो उघडपणे वावरू लागला आणि अमली पदार्थांच्या व्यापारात पकडला गेला. त्या अटकेची तारीख २४ फेब्रुवारी २०००. ‘द होल नाइन यार्ड्स’ अमेरिकेत झळकला १८ फेब्रुवारी २००० ला. म्हणजे लोक चित्रपटगृहात ज्या गोष्टीला हसत होते, तिचा खरा नमुना त्याच आठवड्यात बेड्यांत अडकला.

आपल्याकडचे उदाहरण याहून जवळचे आहे. १६ नोव्हेंबर १९९१ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातल्या ‘स्वाती’ इमारतीला अतिरिक्त पोलीस आयुक्त ए. ए. खान यांच्या पथकाने वेढा घातला. आत माया डोळस, दिलीप बुवा हे टोळीतले गुंड आणि त्यांचे साथीदार होते. भरदिवसा काही तास गोळीबार चालला आणि ते सगळे मारले गेले. त्यांनी आसऱ्यासाठी निवडली होती मध्यमवर्गीय आणि उच्च मध्यमवर्गीय कुटुंबांची वसाहत. गिरणगावातल्या चाळीत शेजारणीने दोन दिवसांत चौकशी केली असती. लोखंडवालात जिन्यावर भेटणारा माणूस कोण, हे विचारायची पद्धत नव्हती.

आता मावळापुरते बोलायचे, तर तुमचे गाव सुरक्षित आहे, पण गावाबाहेरच्या बंगल्यांबद्दल तसे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. लोणावळा, कामशेत, पवना धरणाचा परिसर इथे शनिवार-रविवारपुरती उघडणारी घरे खूप झाली आहेत. मालक मुंबईत, किल्ली राखणदाराकडे आणि पाहुणे दर आठवड्याला नवे. तिथे उपनगराचाच नियम चालतो. म्हणूनच भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचे आदेश पुन्हा पुन्हा निघतात. बऱ्याच घरमालकांना वाटते की एकदा अर्ज भरला की संपले. तसे नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघणारा असा आदेश साधारणपणे दोन महिन्यांपुरताच असतो, म्हणून तो नव्याने काढावा लागतो. आणि भाडेकरू बदलला की माहितीही नव्याने द्यावी लागते.

जाता जाता ‘सुपारी देणारा नामानिराळा राहतो’ हा आणखी एक गैरसमज दूर करतो, कारण चित्रपट पाहून तो हमखास होतो. दंतवैद्याची बायकोच नवऱ्याच्या खुनाची सुपारी देते आणि सुपारी घेणारी निघते त्याच्याच दवाखान्यातली मदतनीस मुलगी! प्रत्यक्षात खून झाला नाही तरी असा कट रचणे हाच गुन्हा आहे. खून झालाच, तर पैसे देणारा ‘मी तर घरी होतो’ म्हणून सुटत नाही. मारणाऱ्याला जी शिक्षा, ती त्यालाही होऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये संघटित गुन्ह्यांच्या यादीत सुपारी घेऊन केलेल्या खुनाचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे.

आता दातांकडे वळू. मला हा भाग चित्रपटाहून अधिक रंजक वाटतो. दाताचे बाहेरचे कवच वजनाच्या सुमारे ९६ टक्के खनिजांचे असते आणि ते आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. म्हणून आगीत चेहरा आणि बोटांचे ठसे नष्ट झाले तरी दात बहुधा टिकतात. जिवंतपणी काढलेले क्ष-किरण चित्र आणि मृतदेहाच्या जबड्याचे चित्र शेजारी ठेवून ताडून पाहिले की ओळख पटते. २००४ च्या त्सुनामीत थायलंडमध्ये दगावलेल्या अनेक परदेशी पर्यटकांची ओळख अशीच पटली. चित्रपटातला दंतवैद्य हेच ज्ञान उलटे वापरतो. दुसऱ्याच माणसाच्या मृतदेहाच्या दातांवर काम करून ते तो जिमीच्या दातांसारखे बनवतो, मग तो मृतदेह जाळला जातो आणि जिमी कागदोपत्री मरतो.

हे खरे जमेल का? दाढेत भरलेले सिमेंट, वर बसवलेली टोपी, एखादा काढलेला दात, एवढी वरवरची नक्कल कुशल हाताला साधेल. अडते ते पुढे. क्ष-किरणात दातांच्या मुळांचा बाक दिसतो, आजूबाजूच्या हाडाची जाळी दिसते, वरच्या दाढांजवळच्या पोकळीची कडा दिसते, आणि यातले काहीच घासून किंवा भरून बदलता येत नाही. दुसरे असे, की जिवंत माणसाचा दात काढला तर तो खड्डा काही महिन्यांत हाडाने भरून येतो आणि त्याच्या कडा गोलसर होतात. मृत्यूनंतर काढलेल्या दाताचा खड्डा तसाच रिकामा, ताज्या कडांचा राहतो. तपासणाऱ्या तज्ज्ञाला तेवढ्यावरूनच शंका येईल. वय वाढते तशी दाताच्या आतली पोकळीही अरुंद होत जाते, त्यामुळे वयाचा मोठा फरकही लपत नाही. आणि दाताच्या गाभ्यात डीएनए सुरक्षित राहू शकतो. जवळच्या नातेवाइकाचा नमुना मिळाला की तिथे हा बनाव कोसळतो. चित्रपटात तो निभतो, कारण कोणी खोलात जाऊन पाहत नाही.

आपल्याकडे अडचण वेगळीच येते. ताडून पाहायला जुनी नोंदच नसते. दातांच्या दवाखान्यातला क्ष-किरणाचा तुकडा आपण घरी येईपर्यंत हरवतो. तो फाइलमध्ये लावून ठेवा, निदान त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढच्या दंतवैद्याच्या तर तो उपयोगी पडतोच.

राहता राहिले तुमचा आवडता चित्रपट आणि मुलाने दाखवलेला चित्रपट. विक्रम भट्ट यांचा २००२ चा ‘आवारा पागल दीवाना’ मूळ कथेवरच उभा आहे, पण हसवण्याची तऱ्हा अगदी वेगळी. तिथे जॉनी लिव्हरचा छोटा छत्री आणि परेश रावलचा मणिलाल हशा वसूल करतात. इंग्रजी चित्रपटाचे दिग्दर्शक जॉनथन लिन हे ‘येस मिनिस्टर’ या मालिकेच्या दोन लेखकांपैकी एक. घाबरलेल्या सभ्य माणसाच्या बोलण्यातून विनोद कसा काढायचा, हे त्यांना पक्के ठाऊक. मॅथ्यू पेरीचा दंतवैद्य मारेकऱ्याला ओळखतो, मनातून हादरतो आणि तरीही शेजारधर्म सोडत नाही. सगळी गंमत त्या हादरलेल्या सभ्यतेत आहे, मारेकऱ्यात नाही. चिन्मय मांडलेकर यांच्या ‘इन्स्पेक्टर झेंडे’ (२०२५) मध्येही मला तीच जाण दिसली. कुख्यात खुनी चार्ल्स शोभराजला १९७१ मध्ये मुंबईत आणि १९८६ मध्ये गोव्यातल्या पर्वरीत पकडणाऱ्या मधुकर झेंडे यांच्यावरच्या या चित्रपटात हसू येते ते साध्या पोलिसांच्या धडपडीवर. खुन्याला त्यात लाडका करून ठेवलेले नाही. तुमच्या घरी सगळ्यांनी मिळून बघण्यासारखा आहे.

‘द होल नाइन यार्ड्स’चा २००४ मध्ये दुसरा भागही निघाला, बरेचसे कलाकार तेच. तो मात्र शोधत बसू नका. पहिल्या भागातला शेजार त्यात उरलेला नाही आणि तो चाललाही नाही.