तिथीचा पाऊणपट

पावसाळ्यात किनाऱ्याने दिवसभर चालायचं असेल तर रेनकोटच्या आधी कॅलेंडर शोधा! आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना तिथीचं काय? पण कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमी, पक्ष कुठलाही : ८ × ३/४ = ६. सकाळ-संध्याकाळ ६ ला भरती, १२ च्या सुमारास ओहोटी. म्हणजे ९ ते ३ वाळू मोकळी. पौर्णिमेला मात्र ऐन दुपारी पाणी, तेही उधाणाचं. (भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते; पाऊण तास म्हणजे ४५. अप्रॉक्झिमेशन झकास आहे.)

दापोलीकडे मुरुड, कर्दे, लाडघर असं चालताना कर्द्यापुढे डोंगराचं नाक आडवं येतं. अशा नाकाखाली भरतीने गाठलं तर पुढेमागे पाणी आणि वर निसरडा कडा. त्यात वादळी हवेत हे गणित बिघडतं. हवेचा दाब १ मिलिबार उतरला की पाणी साधारण १ सेंटिमीटर चढतं, वारा ढकलतो ते वेगळंच. म्हणून नाकापाशी तासभर आधीच पोचायचं.

आणि ओढे! सकाळी घोट्याएवढा ओढा डोंगरात पाऊस झाला की कमरेला लागतो. तिथे हिरोगिरी नको. सरळ गावातल्या पुलावरून वळसा घ्या, पाय दुखले तरी चालतील.