केबलवरची दोन अक्षरं

वसईतल्या आमच्या चर्चचं वायरिंग तीन वर्षांत दुसऱ्यांदा बदलावं लागलं, ते माझ्या चुकीमुळे. पॅरिश कौन्सिलमध्ये खरेदीचं काम माझ्याकडे होतं. इमारत पोर्तुगीज अमदानीतली. दगड-चुन्याच्या भिंती, सागवानी छप्पर, वर कौलं आणि खाली लाकडी तक्तपोशी. जुन्या तारा रबरी होत्या, सागवानी पट्ट्यांवर ठोकलेल्या. हात लावला की रबराचा भुगा व्हायचा. त्या काढायलाच हव्या होत्या.

दुकानात गुंडाळीवर ‘एफआर’ ही दोन अक्षरं दिसली आणि मी समजलो, ही आगीत टिकणारी तार. भावही परवडणारा होता. त्या अक्षरांचा खरा अर्थ एवढाच, की ज्योत बाजूला केल्यावर तार स्वतःहून विझते, आग लांबवर नेत नाही. आगीत दिवे चालू ठेवण्याची हमी ती देत नाही. आवरण तर साध्या पीव्हीसीचंच. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि ओलाव्याला मिळून त्याचं आम्ल बनतं.

नाताळच्या नोव्हेनाची तिसरी संध्याकाळ होती. मिस्सा चालू असताना वरून जळका वास आला. फादरांनी शांतपणे सर्वांना बाहेर पाठवलं, मेन स्विच बंद झाला, दोन तरुण अग्निशामक सिलिंडर घेऊन माळ्यावर चढले. हातभर तुळई काळी पडली, तेवढ्यावर निभावलं. पण काही दिवसांतच वेदीवरची पितळी मेणबत्तीदानं हिरवी पडू लागली. आग पोचली नाही तिथे धूर पोचला होता.

आगीचं कारण माळ्यावर सापडलं. खर्च वाचावा म्हणून तिथली तार आम्ही पाइपाविना मोकळीच टाकली होती. उंदरांनी ती कुरतडली होती. जिथे उंदीर पोचले नव्हते तिथेही आवरण कडक होऊन तडकलं होतं, कारण गव्हाणीच्या सजावटीचं जुनं थर्माकोल आम्ही त्याच तारांवर रचून ठेवलं होतं. पीव्हीसीला मऊ ठेवणारं द्रव्य थर्माकोल ओढून घेतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी इथे मुद्दाम सांगतो. तुमच्या माळ्यावर थर्माकोल असेल तर आजच उतरवा.

दुसऱ्या वेळी मी तारेवरचा छापील मजकूर वाचायला शिकलो. ‘आयएस 694’ म्हणजे पीव्हीसी. ‘एफआर-एलएसएच’ लिहिलेली तारही पीव्हीसीच. धूर आणि आम्लवायू कमी, पण शून्य नव्हे. हॅलोजन, म्हणजे क्लोरीनच्या जातीची द्रव्यं, अजिबात नसलेल्या तारेवर ‘एचएफएफआर’ आणि ‘आयएस 17048’ असतं. महाग पडली, तरी आम्ही तीच घेतली. जिथे शेकडो माणसं दोन-तीन दारांतून बाहेर पडणार, तिथे धुराचाच विचार आधी करावा, असं माझं ठाम मत आहे.

इंग्लंडमधल्या जुन्या चर्चमध्ये तांब्याच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली केबल वापरतात. तिच्यात जळण्यासारखं काही नसतं, ती बारीक असते आणि दगडावर डोळ्यांना खुपत नाही. मला तिचा मोह झाला होता. पण ती भुकटी हवेतला ओलावा शोषते, म्हणून कापलेलं टोक लगेच बंद करावं लागतं. ते काम जाणणारे हात आम्हाला इथे मिळाले नाहीत. चांगली केबल कच्च्या हाती देण्यापेक्षा साधी केबल पक्क्या हाती दिलेली बरी.

माळ्यावर आता सगळी तार जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपात आहे, टोकं उंदीर शिरणार नाहीत अशी बंद केलेली. मे महिन्यात कौलांखाली इतकं तापतं की तारेची क्षमता घटते. एका पाइपात अनेक तारा असल्या तर आणखी घटते. म्हणून दिव्यांनाही दीडऐवजी अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली. दीडच्या तारेला 32 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह तोडणारा स्विच, लावलेला मी इतरत्र पाहिला आहे. तिथे एमसीबी पडण्याआधी तार जळेल. कुरतडलेल्या तारेतून जमिनीकडे झिरपणारा थोडा प्रवाह तर एमसीबीला कळतच नाही. त्यासाठी आरसीसीबी हवा.

आणि भिंती फोडू देऊ नका. चुन्याचा गिलावा खोदून वर सिमेंट भरलं की ओल आतच कोंडते आणि आजूबाजूचा चुना सुटू लागतो. पाइप कंगोऱ्याच्या मागून न्या, खिळे दगडात नको, सांध्यातल्या चुन्यात मारा. तिथला चुना पुन्हा भरता येतो.

ठेकेदाराला शेवटचा हप्ता देण्याआधी प्रत्येक सर्किटचं मेगर रीडिंग, म्हणजे तारेच्या आवरणाच्या विद्युतरोधाचं मोजमाप, लेखी घ्या. खरेदीला जाल तेव्हा गुंडाळीवरचं लेबल सोडून तारेवरचा छाप वाचा, आणि कळला नाही तर कळेपर्यंत पैसे देऊ नका.