केदारनाथाच्या वाटेवरील हिम व हिमस्खलन : यात्रेकरूंसाठी माहिती

औंढा नागनाथ, परळी वैजनाथ व घृष्णेश्वर ही ज्योतिर्लिंगे मराठवाड्यातील भाविकांच्या अंगणातच आहेत. बारा ज्योतिर्लिंगांचा संकल्प करणाऱ्यास मात्र केदारनाथ गाठावे लागते, आणि तेथे आपल्या मुलखास सर्वस्वी अपरिचित अशा हिमाशी गाठ पडते. नांदेड-लातूरकडे पारा चाळिशीपार गेलेला असताना तेथील कपाट उघडते. एका स्वेटरवर निघणारे भाविक दरवर्षी असतात. त्यांचे धाडस कौतुकास्पद म्हणता येत नाही.

केदारनाथ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५८० मीटर उंचीवर असून गौरीकुंडापासून पायवाट सुमारे १६ किलोमीटर आहे. भाऊबीजेस कपाट बंद होते व उत्सवमूर्ती उखीमठास नेली जाते. त्यानंतर हिवाळाभर साचलेला हिम भैरव गदेरा, कुबेर गदेरा यांसारख्या ओढ्यांतून खाली उतरतो. मजूर तो कापून वाट मोकळी करतात.

हिम थरावर थर साचतो. खालचा थर साखरेसारखा सुटा राहिला व त्यावर जड थर बसला, की आडतीत तुरीचे दाणे सांडलेल्या फरशीवरून पाय निसटावा, तसा वरचा थर निसटतो. साधारणतः ३० ते ४५ अंशांचे उतार यास अधिक अनुकूल असतात. जयघोषाने हिमकडा कोसळतो हा समज निराधार आहे. नामस्मरण खुशाल करावे. हिम सुटतो तो नव्या हिमाच्या अथवा माणसाच्या भाराने, पावसाने वा उन्हाने. म्हणून मोठ्या हिमवृष्टीनंतरचे पहिले दोन दिवस व कडक उन्हाची दुपार विशेष धोक्याची.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी बदरीनाथजवळील माणा येथे रस्त्याच्या कामावरील ५४ कामगार हिमस्खलनात सापडले. ४६ वाचले, ८ दगावले. ऑगस्ट १९९६ मध्ये अमरनाथ यात्रेत तर हिमस्खलनाविनाच, अवकाळी हिमवृष्टी व थंडीने दोनशेहून अधिक यात्रेकरू मृत्युमुखी पडले.

हिमाखाली गाडलेला मनुष्य बहुधा गुदमरून मरतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढल्यास आशा मोठी असते, पुढे ती झपाट्याने घटते. बाहेरील पथक येईपर्यंत वेळ निघून जातो, म्हणून सोबत्यांनीच तत्काळ शोध घ्यावा. हिम अंगावर येताच हात तोंडासमोर धरावेत, म्हणजे श्वासापुरती पोकळी राहते.

ओढ्यातील हिमपट्टा सकाळीच, परस्परांत अंतर राखून ओलांडावा. छायाचित्रासाठी हिमाच्या भिंतीखाली थांबू नये. प्रशासनाने सोनप्रयाग येथे यात्रा रोखल्यास वाद घालू नये. पुष्कळदा घाई होते ती परतीच्या तिकिटापायी. सचखंड एक्स्प्रेसने दिल्लीमार्गे जाणाऱ्यांनी परतीचे आरक्षण करतानाच दोन दिवस राखून ठेवावेत.